तेच गाणं, तीच जागा, आणि दर वेळी काटा... असं का होतं?

खिडकीची_सीट:

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न टाकतेय, आधी कुठे चर्चा झाली असेल तर तिकडे हाकला मला.

ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये गाणी ऐकणं हा माझा एकमेव छंद उरलाय. त्यात एक जुनं मराठी भावगीत आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण मग धागा तिकडेच वळेल आणि कोण थोर कोण किरकोळ यावर पन्नास प्रतिसाद पडतील. तर त्या गाण्यात दुसरा अंतरा संपता संपता सगळी वाद्यं थांबतात, तबला पण, क्षणभर नुसता गळा उरतो, आणि मग तो आवाज वरच्या सा वर जाऊन टेकतो आणि मागून व्हायोलिनं परत येतात. बास, एवढंच होतं. पण तिथे दर वेळी, म्हणजे अक्षरशः दर वेळी, हातावर काटा येतो आणि मानेपासून पाठीत सर्रकन काहीतरी उतरतं. ठाण्याच्या गर्दीत कोणाच्या तरी बॅगेचा कोपरा बरगडीत घुसलेला असताना सुद्धा.

आता मला कळत नाही ते हे की पुढे काय येणार ते मला तोंडपाठ आहे. सिनेमात खुनी कोण ते कळलं की मजा गेली, जोक दुसऱ्यांदा ऐकला की हसू येत नाही, मग गाण्याचंच असं उलटं का? नवीन गाण्याने क्वचित होतं, पाठ झालेल्यानेच होतं.

आणि दुसरं, मूड गेलेला असला की मी रडकी गाणी लावते आणि त्यानेच बरं वाटतं. कोणी मला हसवायचं म्हणून उडत्या चालीचं काही लावलं तर डोक्यात जातं. नवऱ्याला यातलं काही म्हणजे काही होत नाही, गाणं म्हणजे त्याला घरात चालू असलेला पंखा, असला काय नसला काय. तो म्हणतो तू नाटकी आहेस. खरं सांगा, आहे का?

फक्त "डोपामिन" असं एका शब्दात उत्तर देऊ नका प्लीज, रीलवाल्यांनी त्या शब्दाचा पार चोथा केलाय.

बारागावचं_पाणी:

डोपामिन.

(पळतो आता)

लॅबमधला_उंदीर:

ताई, नाटकी अजिबात नाही. काटा ठरवून आणता येत नाही सहसा, केसांच्या मुळाशी जे बारीक स्नायू असतात ते आपल्या हुकमात नसतात, थंडी वाजली किंवा दचकलो की जी यंत्रणा चालू होते तीच इथे चालू होते. डेव्हिड ह्यूरन म्हणून एक संगीत-संशोधक आहेत त्यांचं म्हणणं असं की अनपेक्षित काही कानावर आलं की मेंदूचा जुना घाबरट भाग आधी दचकतो, आणि पाठोपाठ विचार करणारा भाग सांगतो अरे काही नाही, गाणं आहे, आणि त्या दोन्हीच्या मधल्या फरकातून तो सुखद शहारा येतो. हे गृहीतक आहे, पण तुमच्या वर्णनाशी जुळतं बघा, वाद्यं एकदम थांबणं, नुसता गळा उरणं, मग आवाज वाढणं. काटा येणाऱ्या जागा लोकांना विचारून गोळा केल्या तेव्हा पण असंच काहीसं निघालं होतं, नवा आवाज दाखल होणं, आवाजाच्या मोठेपणात एकदम बदल, अनपेक्षित सूर.

डोपामिन नको म्हणालात पण त्यातला एक प्रयोग सांगतोच, कारण तो नेमका तुमच्या प्रश्नावर आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलीमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या गटाने २०११ मध्ये केला. लोकांना सांगितलं की तुम्हाला हमखास काटा आणणारं संगीत तुम्हीच घेऊन या, फक्त त्यात शब्द नकोत. आणि त्यातली गंमत अशी की एकाने आणलेलं आवडतं संगीत दुसऱ्याला "काही विशेष नाही" या गटात ऐकवलं. म्हणजे सूर तेच, वाद्यं तीच, फरक फक्त ऐकणाऱ्यात. मग स्कॅनमध्ये दिसलं की आवडत्या संगीताला डोपामिन सुटतं, पण दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या वेळी. ऐन काट्याच्या क्षणी न्यूक्लिअस अक्युम्बन्स नावाच्या भागात, आणि त्याच्या आधीचे काही सेकंद, म्हणजे "आता येणार, आता येणार" चालू असताना, कॉडेट नावाच्या भागात.

आता बघा, आधीचे सेकंद. पुढे काय येणार ते माहीत नसेल तर वाट कशाची बघणार? म्हणून पाठ असणं ही अडचण नाहीये, ती निम्मी मजाच आहे. खुनी कोण ते कळलं की कोडं संपतं, गाणं कोडं नसतं.

तिरकिट:

उंदीरराव माहिती भारी आहे पण हे स्कॅनवाले लोक नेहमी "कुठे" ते सांगतात आणि आपण समजतो "का" ते सांगितलं. अमुक भाग उजळला म्हणजे काय ते भाग उजळल्यामुळे आनंद झाला का आनंद झाला म्हणून भाग उजळला?

मी तबल्याची साथ करतो, छोट्या बैठकांना, फार मोठा कोणी नाही. आमच्याकडे ही वाट बघायची गोष्ट उघड उघड चालते, त्याला लॅब लागत नाही. विलंबित एकताल घ्या, मात्रा फक्त बारा, पण लय इतकी संथ की एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या वर जातं, कधी कधी मिनिटभर. गायक मधे कुठे कुठे भटकून येतो, पण शेवटच्या दोन मात्रा आल्या की श्रोते सरसावून बसतात, गायक मुखडा उचलतो, आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सगळे एकदम, गायक, मी, पेटीवाला, पहिल्या रांगेतले काका. ते काका मान देतात ना समेला, ती मान आधीच खाली यायला लागलेली असते बरं का, सम यायच्या आधी. तिहाईचं पण तेच. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल समेवर पाडायचा. पहिला झाला की जाणकाराला हिशोब कळतो, दुसऱ्याला खात्री होते, तिसरा म्हणजे नुसतं सुख. काय येणार ते सगळ्या हॉलला माहीत असतं तरी "क्या बात है" तेव्हाच येतं.

आणि कधी मुद्दाम सम चुकवायची, एखादा बोल आधी पाडायचा म्हणजे अनागत, किंवा नंतर पाडायचा म्हणजे अतीत. लोक हसतात तेव्हा, खरंच हसतात, गुदगुल्या केल्यासारखे. हे रोज रोज करत नाहीत पण, नाहीतर वाट बघण्यावरचा विश्वासच उडेल लोकांचा.

मुद्दा असा की माझ्या मते हे सगळं शिकलेलं आहे. ज्याने एकताल ऐकलेलाच नाही तो आमच्या बैठकीत बसला तर त्याला समेचं काहीच होणार नाही, तो घड्याळ बघेल.

लॅबमधला_उंदीर:

तिरकिट, "का आणि कुठे" चा आक्षेप रास्त आहे आणि त्यावर २०१९ मध्ये उत्तर आलं. बार्सिलोनाच्या लोकांनी २७ जणांना वेगवेगळ्या दिवशी तीन गोळ्या दिल्या, एक डोपामिन वाढवणारी लेव्होडोपा, एक त्याची वाट अडवणारी रिस्पेरिडोन, आणि एक नुसती साखरेसारखी फसवी गोळी. गाणी ऐकताना लेव्होडोपावाल्या दिवशी आनंद वाढला, रिस्पेरिडोनवाल्या दिवशी कमी झाला. म्हणजे आनंद झाला म्हणून डोपामिन आलं एवढंच नाही, डोपामिनला हात लावला तर आनंद हलतो.

पण एकट्या डोपामिनवर पण जाऊ नका. त्याच्या खूप आधी १९८० मध्ये अमेरिकेतल्या अव्हराम गोल्डस्टीन यांनी नालॉक्सोन देऊन बघितलं होतं, ते शरीरातल्या अफूसदृश रसायनांना अडवतं, तर दहापैकी तिघांचा काटा कमी झाला. सातांना फरक नाही. एक रसायन आणि एक भावना अशा जोड्या लावायला गेलं की तोंडावर पडायला होतं.

शिकलेलं असण्याबद्दल तुमच्याशी बहुतांशी सहमत. बहुतांशीच, खाली लिहितो वेळ मिळाला की.

खिडकीची_सीट:

बापरे, उत्तरं भारी येतायत. पण उंदीर, एक शंका राहिलीच. वाट बघण्याची मजा पटली. पण तुम्हीच म्हणालात की "अनपेक्षित" काही आलं की मेंदू दचकतो. मला अपेक्षित आहे ना सगळं! मग दचकतं कोण?

लॅबमधला_उंदीर:

हा प्रश्न संगीत-मानसशास्त्रात जुना आहे आणि त्याचं मला सगळ्यात पटणारं उत्तर मूळच्या मुंबईच्या माणसाने दिलंय, जमशेद भरुचा. ते म्हणतात अपेक्षा दोन प्रकारच्या असतात आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात. एक, या विशिष्ट गाण्यात पुढे काय ते माहीत असणं. दुसरी, आयुष्यभर जे जे ऐकलं त्यातून बनलेली एकंदर सवय, की अशा सुरानंतर साधारण असा सूर येतो, तबला चालू असला की तो चालूच राहतो. ही दुसरी अपेक्षा आपोआप चालते, तिला तुमच्या पाठांतराशी देणंघेणं नाही. त्यामुळे तुम्हाला माहीत असतं की आता तबला थांबणार, आणि तरी सवयीचा मेंदू दर वेळी नव्याने गृहीत धरतो की थांबणार नाही. त्या बाणाच्या टोकांच्या दोन रेघा असतात ना, पट्टीने मोजून सारख्या आहेत हे कळलं तरी डोळ्याला एक लांबच दिसते, तसलाच प्रकार. माहिती वेगळ्या खात्यात, दिसणं वेगळ्या खात्यात.

म्हणजे तुमच्या गाण्यात तुम्ही वाट पण बघताय आणि दचकताय पण, एकाच सेकंदात.

मिरजकर:

नमस्कार. मी फार लिहीत नाही इथे, पण धागा आवडला म्हणून.

आमच्या घरात तंबोऱ्याचं काम. मारवा रागासाठी कोणी तंबोरा लावून मागितला की पहिली तार पंचमाला लावून चालत नाही, कारण मारव्यात पंचमच नाही, मग निषादाला लावतात, कोणी धैवताला. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जायचा, जरा पुढे, जरा मागे, एका जागी आला की तार एकदम उघडते, आवाजात आवाज दिसायला लागतात, ती जवारी. हे सांगायचं कारण असं की मागे तंबोऱ्यात षड्ज, म्हणजे सा, अखंड वाजत असतो आणि मारवा गाणारा माणूस त्या षड्जावर येतच नाही. कोमल रिषभावर बसून राहतो, धैवतावर बसतो, षड्जाला वळसा घालून जातो. षड्ज आणि कोमल रिषभ एकमेकांना घासतात. ऐकणाऱ्याच्या पोटात एक प्रकारची कालवाकालव होते, संध्याकाळची असते तशी. आणि मग फार वेळाने गायक षड्जावर येऊन थांबला की घरी आल्यासारखं. अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐका म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता तिरकिटांना प्रश्न. मारवा, पूरिया आणि सोहनी, तिघांचे सूर तेच. एकही सूर इकडचा तिकडे नाही. तरी मारवा उदास करतो, पूरिया शांत गंभीर, आणि सोहनी वरच्या सप्तकात चमकत असते. मग भाव सुरात आहे म्हणायचं, चालण्यात आहे म्हणायचं, का आपल्याला लहानपणापासून सांगितलं म्हणून तसं वाटतं?

तिरकिट:

मिरजकर काका, नमस्कार करतो. माझं उत्तर, चालण्यात. कुठे थांबायचं, कुठे नाही, कोणता सूर किती वेळ धरायचा. पण ते चालणं ओळखायला कान तयार लागतो हे माझं म्हणणं कायम.

लॅबमधला_उंदीर:

यावर पण भरुचांचंच काम आहे, १९८४ चं, कस्टेलानो आणि क्रुमहान्सल यांच्याबरोबर. उत्तर हिंदुस्थानी दहा राग घेतले, आणि हे संगीत ऐकलेले भारतीय आणि कधी न ऐकलेले पाश्चात्त्य अशा दोघांनाही ऐकवले, आणि प्रत्येक रागानंतर एकेक सूर वाजवून विचारलं हा कितपत बसतो. तर ज्या सुरावर राग जास्त वेळ थांबला होता तो सूर दोन्ही गटांना जास्त बसला. म्हणजे काही मिनिटांत पाश्चात्त्य कानाने पण वादी कोण संवादी कोण, म्हणजे रागातला मुख्य सूर कोणता आणि त्याच्या खालोखाल कोणता, याचा अंदाज घेतला. पण त्यामागचा थाट, ती चौकट, फक्त भारतीय ऐकणाऱ्यांनाच जाणवत होती.

म्हणून म्हटलं बहुतांशी. कान बराचसा तिथल्या तिथे शिकतो, आणि उरलेला वर्षानुवर्षांच्या मुरण्यातून.

रंकाळ्यावरचा:

लय भारी चर्चा चाललीया पण सगळी बसून ऐकणारी माणसं दिसताय राव. उभं राहून ऐकायचं बी एक संगीत असतंय. मिरवणुकीत ढोल-ताशा सुरू झाला की माझा आवडता सूर कुठला, षड्ज कुठं गेला, काय संबंध नाय, पाय आपोआप उचलतोय आणि डोळ्यात पाणी येतंय. त्याचं काय कारण?

आणि वारीत. आमचे मामा वारकरी, माउलींच्या पालखीबरोबर जातात, गुडघे दुखतात म्हणून वर्षभर जिना चढत नाहीत, आणि तिकडं टाळ हातात आला की पावली खेळतात. हे डोपामिन का विठ्ठल?

लॅबमधला_उंदीर:

विठ्ठलाबद्दल माझा अभ्यास नाही. टाळाबद्दल थोडं सांगू शकतो.

ठेका कानावर पडला की मेंदूतले हालचालीचे भाग, माणूस गप्प बसलेला असला तरी, कामाला लागतात. म्हणून पाय हलतो. आणि अनेक माणसं एका तालात हलली की अजून काहीतरी होतं, ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने बघितलं की एकत्र एका तालात नाचल्यावर लोकांची वेदना सहन करायची क्षमता वाढते, माणसं वेगवेगळी हलली तर तेवढी वाढत नाही. तुमच्या मामांच्या गुडघ्याबद्दल मी छातीठोक सांगणार नाही पण दिशा तीच दिसते. जात्यावरच्या ओव्या काय उगाच म्हणत नसत, दोघीजणी समोरासमोर बसून दळताना खुंटा एका लयीत फिरायला लागतो आणि हाताचा भार वाटून जातो.

ढोलाचं वेगळं. मोठ्या आवाजातला खर्ज नुसता कानाला ऐकू येत नाही, छातीला कळतो, आणि कानातला तोल सांभाळणारा जो अवयव आहे त्यालाही तो जागं करतो. म्हणून झुलल्यासारखं वाटतं. फक्त कानात बोळे घाला राव, आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा आहे, आणि तुमचा ढोल त्याच्या कितीतरी वर असतो, तिथे तास नाही, मिनिटं मोजायची असतात.

फ्रँकफुर्टकरीण:

रडक्या गाण्यांच्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही म्हणून मी लिहिते.

इथे मी राहते तिथे नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि मी घरी येऊन नेमाने दुःखी गाणी लावते, आणि चहा पिऊन फ्रेश होते, सो तू एकटी नाहीस. बर्लिनच्या दोन संशोधकांनी, तारूफी आणि कोल्श, २०१४ मध्ये ७७२ लोकांना विचारलं होतं की दुःखी संगीत ऐकून तुम्हाला काय वाटतं, तर सगळ्यात जास्त आलेलं उत्तर दुःख नव्हतंच. हुरहूर होती, गेलेल्या दिवसांची ओढ. दुःख त्याच्या खाली.

आणि आपल्याकडे तर हा वाद हजार वर्षांपूर्वी घालून झालाय की. करुण रसाने आनंद कसा होतो? भट्टनायकाने साधारणीकरण सांगितलं, अभिनवगुप्ताने ते पुढे नेलं. म्हणजे नाटकातलं दुःख हे माझंही नसतं आणि त्या पात्राचंही राहत नाही, ते कोणाचंच नसलेलं, सगळ्यांचं असं होतं, म्हणून त्याची चव घेता येते. खऱ्या दुःखात काहीतरी करावं लागतं, फोन करा, डॉक्टर गाठा, पैसे जमवा. गाण्यातल्या दुःखात काही करायचं नसतं. मला तरी यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण कुठे मिळालं नाही, आणि उडती गाणी तुझ्या डोक्यात का जातात तेही यातच आलं, ती गाणी तुला सांगतायत की ऊठ, बदल, हस. रडकं गाणं काही मागत नाही.

आता आठवणींचं. माणूस साधारण दहा ते पंचवीस वयात जे ऐकतो ते आयुष्यभर चिकटतं हे आता बऱ्यापैकी सर्वमान्य आहे. पण मला माझ्या आईच्या कॉलेजच्या काळातली गाणी का रडवतात, माझा तर तेव्हा जन्म पण नव्हता? तर क्रुमहान्सल, वर उंदरांनी लिहिलंय त्याच, त्यांनी २०१३ मध्ये विशीतल्या मुलांना गेल्या अनेक दशकांची गाणी ऐकवली, आणि स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबर आईवडील तरुण होते त्या काळातली गाणीही त्यांना जास्त भिडत होती. घरात वाजत होती ना. आमच्याकडे आई पोळ्या करताना रेडिओ लावायची, तव्यावर फडकं दाबत पोळी फुगवायची आणि तिथल्या तिथे ओळ पुरी करायची, त्यामुळे काही गाण्यांना मला आजही पिठाचा वास येतो, शप्पथ.

बारागावचं_पाणी:

+१ पिठाचा वास. आमच्याकडे डेटॉलचा, आईची सकाळची ड्युटी.

अवांतर: परत आलो, पळालो होतो म्हणून कोणी ओरडलं नाही.

एमपीएससी_कधीतरी:

अवांतर प्रश्न, माफ करा. अभ्यास करताना गाणी लावावीत का? रूममेट म्हणतो मोझार्ट लाव, बुद्धी वाढते. मला मोझार्ट झेपत नाही, मला आपली अजय-अतुल.

लॅबमधला_उंदीर:

बुद्धी वाढत नाही. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात एका छोट्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवल्यावर कागदाच्या घड्या मनात उलगडायच्या वगैरे कोड्यांत ती जरा पुढे गेली, आणि तो फरक दहा-पंधरा मिनिटं टिकला. एवढंच. त्यावरून इतकी हवा झाली की १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले.

खरी मजा पुढे आहे. नंतर काहींनी मोझार्टच्या जागी स्टीफन किंगची गोष्ट ऐकवली, तर ज्यांना गोष्ट जास्त आवडली त्यांना गोष्टीनंतर कोडी जास्त चांगली सुटली. ब्रिटनमध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांना पॉप गाणी ऐकवली तर ती मोझार्टवाल्या मुलांपेक्षा पुढे गेली. म्हणजे मोझार्टचं काही नाही, आवडतं ऐकलं, मन ताजंतवानं झालं, थोडा वेळ डोकं बरं चाललं. सो अभ्यासाला बसायच्या आधी खुशाल अजय-अतुल लाव, हवं तर नाच.

वाचताना मात्र शब्द असलेलं गाणं नको. शब्द वाचायला आणि शब्द ऐकायला मेंदूचं दुकान एकच आहे, त्यात तू जे वाचतोयस ते आणि गाणं दोन्ही मराठीत असेल तर बघायलाच नको, राज्यघटनेच्या कलमात झिंगाट घुसेल.

सरळसोट:

मी ताईंच्या नवऱ्याच्या पक्षात. मला गाण्याने काहीही होत नाही. लहानपणापासून. लोक विचारतात तुझं फेव्हरेट गाणं कोणतं, मी जे आठवेल ते नाव ठोकून देतो. बहिरा नाही, बेसूर कोण गातंय ते कळतं, फक्त फरक पडत नाही. बायको मला "दगड" म्हणते. वरती तुम्ही लोक मारवा ऐकून कासावीस होताय ते वाचून मला आपण परग्रहावर आहोत असं वाटतंय.

लॅबमधला_उंदीर:

दगड वगैरे काही नाही. याला संगीतापुरती अरसिकता म्हणू, बार्सिलोनातल्या त्याच मंडळींनी २०१४ मध्ये असे लोक शोधून तपासले. त्यांना सूर कळतो, ताल कळतो, गाणं दुःखी आहे का आनंदी ते पण बरोबर सांगतात, पैसे जिंकायचा खेळ दिला तर इतरांइतकेच खूश होतात. फक्त संगीताने नाडी हलत नाही. नंतरच्या स्कॅनमध्ये दिसलं की अशांच्यात ऐकण्याचा भाग आणि बक्षिसाचा भाग यांच्यातलं संगीत ऐकतानाचं बोलणं कमी असतं. दोन्ही भाग ठणठणीत, मधली तार ढिली.

त्यांची एक वीस प्रश्नांची प्रश्नावली आहे, बार्सिलोना म्युझिक रिवॉर्ड क्वेश्चनेअर नावाची, नेटवर सापडेल. त्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, संगीत शोधत फिरणं, भावना उचंबळणं, मूड सावरणं, अंग हलणं, आणि लोकांबरोबरचा आनंद. भरून बघा. ताई, तुम्ही पण नवऱ्याकडून भरून घ्या.

सरळसोट:

भरली. पाचही ठिकाणी तळाला. बायकोला दाखवली, ती म्हणाली आता ऑफिशियल दगड.

खिडकीची_सीट:

आमच्याकडे पण काल रात्री जेवताना प्रश्नावली झाली, मी मराठीत वाचून दाखवत होते आणि हा भात कालवत उत्तरं देत होता. भावना उचंबळणं, तळाला. मूड सावरणं, तळाला. आणि अंग हलणं, जवळजवळ पैकीच्या पैकी! मी म्हटलं खोटं बोलतोयस, तर म्हणे गणपतीत मी कुठे असतो सांग. आणि ते खरंय, विसर्जनाला हा ताशाच्या पुढ्यात सापडतो, एरवी लग्नात पण स्टेजवरून हाताला धरून खाली आणावं लागतं.

रंकाळ्यावरचा, तुमचा माणूस निघाला हा. घेऊन जा.

आता त्याचं नवीन सुरू झालंय की काटा येतो ती जागा मला पण ऐकव, मी बघतो काय आहे एवढं. ऐकवली. म्हणाला, "तबला बंद का पडला?"

रंकाळ्यावरचा:

पाठवून द्या भावजींना, गणपतीच्या आधी. ढोल आमचा, बोळे उंदीर देतील.